आंबुशीची चार पावले जागा

एका दाट जंगलात, झऱ्याकाठच्या उंबराखाली, एक आंबुशी राहत असे. मुलांनो, ही अगदी बुटकी रानभाजी. मेथीसारखी तीन-तीन पाने, इवलेसे पिवळे फूल आणि चव आंबट. ओल आणि सावली मिळाली की तिचे भागे. ऊन लागले की ती पाने मिटून घेई. शेजारी एक म्हातारे कासव होते. दोघांचे बरे चालले होते.

एकदा रानडुकराला लोळायला तीच ओली जागा हवीशी वाटली. त्याने निवाड्यासाठी कोल्ह्याला आणले. कोल्ह्याने आंबुशीची जागा पावलांनी मोजली.

"चार पावलं," तो म्हणाला. "आंबुशीबाई, वरच्या कातळावर तुम्हाला बारा पावलं देतो. तिप्पट झाली. आता कुरकुर नको."

"पण तिथे सावली नाही हो," आंबुशी म्हणाली.

"सावली काही पावलांनी मोजता येत नाही."

"एवढीशी तर आहे, आणि नखरे बघा हिचे," डुक्कर म्हणाले.

त्यांनी तिला उपटलेच. उपटताना तिच्या शेंगा तडतड फुटल्या आणि बी काठच्या दगडांत उडाले. त्यांनी तिला कातळावर नेले, तसे कासव तिच्यामागे निघाले. कातळ चढायला त्याला तीन दिवस लागले. वर पोचले तेव्हा बारा पावलांच्या मधोमध एक वाळकी काडी पडली होती. कासव तिच्याजवळ बसून राहिले. मग रागारागाने खाली उतरले.

काही दिवसांनी काठच्या दगडांत तीन-तीन पानांची रोपे उगवली. डुक्कर ती तुडवायला आले, तर मध्ये कासव बसलेले.

"बाजूला हो म्हाताऱ्या, नाहीतर कोल्ह्याला बोलावतो."

"बोलाव. त्याला म्हणावं, आधी भर दुपारी त्या कातळावर बसून दाखव. बाराच्या बारा पावलं त्याची. मग मला उठवायला ये."

पाण्यावर आलेली हरणे आणि ससे हे ऐकत होते. ते एकेक करून कासवाशेजारी येऊन बसले. डुक्कर निघून गेले. कोल्हा तर आलाच नाही.

रोपे वाढली. ती पहिली आंबुशी मात्र परत आली नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तात्पर्य : दुसऱ्याचे घर आपल्या पावलांनी मोजू नये. त्याला कुठे जगता येते, हे आधी त्यालाच विचारावे आणि त्याने सांगितलेले ऐकावे.