हलगी आणि मानेवरची गाठ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, गळ्याची शपथ. फेट्याचा भाग तेवढा जरा जास्त वाटेल. तो सोडून बाकीची खरी. म्हणजे बरीचशी.

फार पूर्वी एका गावात एक दवंडीवाला होता. हलगी बडवत गावभर फिरायचा आणि जे झालं ते ओरडून सांगायचा. त्या गावात एक रीत होती. दवंडी पिटल्याशिवाय काहीच झालं असं धरायचं नाही. एकदा दवंडीवाल्याला सर्दी झाली आणि नेमका तेव्हाच एक म्हातारा वारला. दवंडी नाही, म्हणून घरच्यांनी त्याच्यासमोर सकाळ-संध्याकाळ चहा ठेवला. म्हातारा पीत नव्हता, तर रुसलाय म्हणाले.

एका हिवाळ्यात दवंडीवाल्याच्या मानेवर गाठ आली. आधी बोराएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. आवाज बसला, घास उतरेना. बायकोने हाताला धरून त्याला टेकडीवरच्या वैद्यीणबाईकडे नेलं.

वैद्यीणबाई अशा गाठींवर औषध शोधत होती. तिने गाठीभोवती दोरा गुंडाळला, मापाला तोडला आणि खुंटीला टांगला. म्हणाली, दर बाजाराच्या दिवशी यायचं, नवा दोरा घ्यायचा आणि जुन्याशी ताडून बघायचं. तोवर ओरडायचं नाही. औषधाने उलट्या होतील, केस जातील, तोंडाची चव जाईल.

"आणि एकाला कारल्याचं भयंकर वेड लागलं," ती म्हणाली. "ते औषधानेच लागलं का, ते अजून बघतेय."

दवंडीवाल्याने औषध सुरू केलं. उलट्या झाल्या, केसही गेले. गावात मात्र सगळं अडून बसलं. पाटलाच्या मुलीचं लग्न लागलं, पण दवंडी नाही, त्यामुळे जावयाला सगळे पाहुणाच समजायचे. सासूबाई रोज प्रेमाने विचारायच्या, परत कधी निघणार?

बऱ्याच बाजारांनंतर एकदा दोरा गव्हाच्या दाण्याएवढा आखूड भरला. वैद्यीणबाई म्हणाली, बरं आहे, चालू ठेवा. ही बातमी पाटलाच्या कानावर गेली. पाटील गावातला सगळ्यात मानाचा माणूस, डोक्यावर सगळ्यात मोठा फेटा. तो घरी आला आणि ओट्यावर ऐसपैस बसला.

"मामा, आता बरा झालो म्हणून दवंडी देऊन टाका," पाटील म्हणाला. "माझा बैल पंचक्रोशीत पहिला, असं तुम्हीच ओरडला होता. त्याआधी तो उभासुद्धा राहत नव्हता."

दवंडीवाल्याला ते पटलं. जन्मभर त्याने जे ओरडून सांगितलं ते खरं ठरलं होतं. एवढी गाठ काय, तीही ऐकेल. त्याने हलगी काढली आणि उरलासुरला आवाज लावून सांगितलं की गाठ बरी झाली.

गावाने गूळ वाटला. आता अडचण अशी झाली की बऱ्या माणसाने औषध घेतलं तर दवंडी खोटी ठरते. म्हणून त्याने औषध बंद केलं.

गाठीपर्यंत काही दवंडी पोचली नाही. ती लिंबाची पेरूएवढी झाली. दवंडीवाल्याने उपरणं गुंडाळलं, तर गाव म्हणालं, काय छान उपरणं आहे. पाणी गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तर गाव म्हणालं, आनंदाचं असेल.

एका सकाळी पेजसुद्धा घशाखाली उतरली नाही. बायकोने वाटी खाली ठेवली.

"गाव तुमचं ऐकतं हो," ती म्हणाली. "गाठ नाही ऐकत."

दवंडीवाल्याने हलगी बाजूला ठेवली. मग चपला घातल्या आणि टेकडी चढायला लागला. आधी जिथे एकदा बसायचा, तिथे आता दर वळणावर बसावं लागत होतं.

वैद्यीणबाई रागावली नाही. तिने दोरा घेतला, तो पहिल्या दोऱ्यापेक्षाही लांब भरला. ती म्हणाली, जुन्या औषधाचं आता काही खरं नाही. एक नवं बनवलंय, पण ते अजून कुणाला दिलेलं नाही. नको असेल तर तसं सांगा, जुनंच चालू करू.

"नव्याने गुण येईल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

दवंडीवाल्याने आयुष्यात खूप शहाणी माणसं पाहिली होती. त्यातलं एकही असं बोललं नव्हतं.

"कधी कळेल?"

"तुम्ही नेटाने घेतलंत तर कळेल. दोरा वाढला तरी यायचं, आहे तेवढाच राहिला तरी यायचं. त्रास झाला तर खरा सांगायचा. खोटं सांगितलंत तर तुम्हीही फसाल आणि मीही."

तो हो म्हणाला. घरी येऊन त्याने हलगी घेतली. पाटलाला कळलं तसा तो वाटेतच आडवा आला. दवंडी आजवर कधी मागे घेतलेली नाही, म्हणाला. आज गाठीची घ्याल, उद्या लोक माझ्या बैलाबद्दल विचारतील.

दवंडीवाला त्याला वळसा घालून भर बाजारात उभा राहिला. हलगी वाजली. आवाज इतका खोल गेला होता की लोकांना अगदी जवळ यावं लागलं.

"ऐका हो ऐका. मागची दवंडी चुकली. गाठ आहे. औषध पुन्हा चालू केलंय. गुण येईल का, ते अजून माहीत नाही."

कुणीतरी वांगी तोलत होतं, ते थांबलं. मग तेलीण आजी पुढे आली. पदर बाजूला करून तिने काखेतली गाठ दाखवली. म्हणाली, कधीची आहे, पण सांगायची सोयच नव्हती. तिच्यामागून लोहार आला. मग गुरव आला.

शेवटी पाटलाने फेटा सोडायला घेतला. सोडता सोडता बाजार उठायची वेळ झाली. आत कानामागे नारळाएवढी गाठ होती. पाटलाचा फेटा दरवर्षी वाढायचा, आणि गावाला वाटायचं मान वाढतोय.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर रांग लागली. वैद्यीणबाईला एकाच माणसावरून जे कळत नव्हतं, ते आता कळायला लागलं. कुणाला किती औषध सोसतं, कुणाला कधी थांबवावं. खुंटीवर दोरेच दोरे झाले.

सगळे वाचले नाहीत. तेलीण आजी गेली. जायच्या आधी आपले सगळे दोरे मागवून घेतले आणि वैद्यीणबाईच्या हातात दिले. "मला का नाही लागू पडलं ते शोध," म्हणाली. वैद्यीणबाईने शोधलं, आणि पुढच्यांचं औषध बदललं.

दवंडीवाला दर बाजाराला उभा राहायचा. उलट्यांनी हात थरथरले की हलगी बायको वाजवायची. दवंडी एकच, अजून माहीत नाही. गावाला तिची सवय झाली. शाळेतली पोरं गणिताच्या उत्तरात तेच लिहायला लागली. जावईसुद्धा सासूबाईंना तेच सांगायचा.

दोरा आहे तेवढाच राहिला. एकदा वाढला. त्या दिवशी दवंडीवाला टेकडीच्या पायथ्याशी बसून राहिला, मग उठून औषध घेतलं. नंतर दोरा गव्हाएवढा आखूड झाला, मग बोटभर. कुणी गूळ वाटला नाही. आणि एका बाजाराच्या दिवशी वैद्यीणबाई मानेवर हात फिरवत राहिली. दोरा कशाभोवती गुंडाळायचा तेच तिला सापडेना.

पाटील पळत आला. गाठ जाऊन त्याच्या डोक्यावर आता साधी टोपी होती. म्हणाला, मामा, आता तरी जोरात होऊ द्या.

दवंडीवाल्याचा आवाज पहिल्यासारखा झाला नव्हता, कधी होणारही नव्हता. पण तो हलगीवर काठी टेकवायचा आणि सगळा बाजार आपसूक गप्प व्हायचा.

"ऐका हो ऐका. आज गाठ नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा तपासायला जाणार आहे."

मग त्याने पाटलाच्या मुलीच्या लग्नाचीही दवंडी दिली. जावयाला पहिल्यांदाच कुणी निघणार कधी असं विचारलं नाही.

तात्पर्य: बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नसतं. 'अजून माहीत नाही' असं खरं सांगत जो औषध सोडत नाही, तो स्वतःला संधी देतो आणि मागून येणाऱ्यालाही.

गोष्ट ऐकून झाली, आता ऐकणाऱ्याने काहीतरी द्यायचं. लाडू असेल तर लाडू काढा. नसेल तर कारलं चालेल. कारलंच का, ते वैद्यीणबाई अजून बघतेय.