माऊस आणि सातभाई

टेबलावरच्या वस्तू माणसांचं लक्ष नसलं की आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. शाल्मली नावाची मुलगी ग्राफिक डिझाइन शिकत होती. तिच्या टेबलावर संगणकाचा माऊस आणि झिजून बोटभर उरलेली पेन्सिल शेजारीशेजारी राहत.

पक्षी-महोत्सवाच्या पोस्टरसाठी शाल्मलीला सातभाई पक्ष्यांचा थवा काढायचा होता. माऊस फिरवून तिने एक पक्षी काढला आणि क्षणात त्याचे सात केले.

"बघितलंस? आता तुझी सद्दी संपली," माऊस पेन्सिलीला म्हणाला.

शाल्मली मात्र पडद्याकडे बघून हिरमुसली. "हे कसले सातभाई? हा तर एकच पक्षी सात वेळा!" असं पुटपुटत ती कागद-पेन्सिल घेऊन खिडकीत जाऊन बसली. बाहेर बाभळीवर खरे सातभाई कलकलाट करत होते.

बऱ्याच वेळाने ती परतली. कागद बघून माऊस थक्कच झाला. एक भाऊ दुसऱ्याची मान खाजवत होता, एक तोंड फिरवून बसला होता आणि सगळ्यांत धाकटा दोघांच्या मधे घुसू बघत होता.

"अगं, हा रुसलाय हे तुला कसं कळलं?" त्याने पेन्सिलीला हळूच विचारलं.

"मला कुठलं कळायला? तिचे डोळे गेले तिकडे हात गेला, आणि हात गेला तिकडे मी."

शाल्मलीने चित्र संगणकावर घेतलं आणि शिशाने काळवंडलेली बोटं माऊसवर ठेवली. एरवी सरसर धावणारा माऊस त्या दिवशी अगदी हलकेच सरकला. चित्रातला एकही भाऊ दचकून उडायला नको होता.