वरचा वारा आणि खालची वाट

फार पूर्वी, विमानं लाकडाची असत आणि त्यांना सारथी असत, तेव्हाची ही गोष्ट. पश्चिमेच्या राजधानीतून पूर्वेच्या गावी औषधं पोचवायची आणि परत यायचं, एवढंच काम करणारा एक सारथी होता. पहिल्या काही खेपांतच तो पार थकून गेला होता. उडून उडून नव्हे, उत्तरं देऊन देऊन.

तरुणपणी तो पहिल्यांदा गेला चार घटकांत आणि परतला सहा घटकांत. राजाच्या कारभाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"वाट तीच, विमान तेच. मग येताना कुठे गप्पा छाटत बसला होतास?"

"सरकार, दक्षिणेची तापलेली हवा आणि उत्तरेची गारठलेली हवा समोरासमोर येते ना, तिथे फार उंचावर वाऱ्याची नदी वाहते. पृथ्वी फिरते म्हणून ती वळते आणि पूर्वेकडे धावते. जाताना तिने मला वाहून नेलं. येताना तीच आडवी येते, म्हणून खालून आलो."

कारभारी अंगणात गेला, पिंपळाकडे बघून आला. "इथे तर पानही हलत नाही!"

झालं. नियम निघाला: जायला जितक्या घटका, यायलाही तितक्याच. फरक पडला, तर विमान काढून घेणार.

सारथ्याने चार वेळा समजावलं, पाचव्यांदा नाद सोडला. तो जातानाही खालूनच जाऊ लागला. सहा घटका जायला, सहा यायला. कारभारी खूश, आणि सारथ्याच्या डोक्याचा ताप गेला. माणूस थकला की असाच शहाणा होतो.

मग तीस वर्षांनी एका हिवाळ्यात ती वाऱ्याची नदी वाकडी होऊन दक्षिणेला झुकली. तिच्यामागोमाग उत्तरेची थंडी पूर्वेच्या गावावर उतरली. पोरांच्या छात्या भरल्या, श्वास घरघरू लागले. राजाने औषध देऊन सारथ्याला धाडलं.

विमान उचललं आणि त्याचे हात सवयीने खालच्या वाटेकडे वळले. सहा घटकांत गेलं तर कुणी काही विचारणार नव्हतं. वरून गेलं तर पोरं वाचतील, पण विमान जाईल. या वयात दुसरं कोण काम देणार? त्याला नुसता विचार करायचाही कंटाळा आला. तरी त्याने विमानाचं नाक वर केलं.

चौथी घटका भरायच्या आत तो गावात उतरला. पहिल्याच घरात एक बाई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी निळी पडत चालली होती. औषध पोटात गेलं, थोड्या वेळाने तिचा श्वास मोकळा झाला. बाई रडली, मग डोळे पुसून म्हणाली,

"दादा, आज इतक्या लवकर कसे आलात?"

"वरच्या वाऱ्यातून आलो, ताई."

"मागल्या थंडीत नव्हता का हा वारा? तेव्हा औषध आलं, पण माझा थोरला घटकाभरापूर्वीच गेला होता."

ते औषधही यानेच आणलं होतं. खालून, निवांत.  तो हात जोडून उठला.

परतायला सहा घटका लागल्या. दरबारात कारभारी वाटच बघत होता. "महाराज, जायला चार घटका, यायला सहा. याला दोन घटका उशीर झाला!"

राजाने विचारलं, "खरं का?"

सारथ्याने पागोटं काढून राजाच्या पायाशी ठेवलं. या खेपेस त्याने वाऱ्याचं काही सांगितलं नाही.

"उशीर झाला, महाराज. पण आज नाही. मागल्या थंडीत झाला, त्याच्या मागल्या थंडीत झाला. बोलणी खायला नकोत म्हणून तीस वर्षं मी खालून गेलो."

 राजाने नियम तिथेच रद्द केला, पागोटं स्वतः उचलून सारथ्याच्या हातात दिलं. कारभारी मान खाली घालून उभा राहिला. सारथी त्यानंतर दर खेपेला वरूनच गेला. त्या बाईचा थोरला मात्र काही परत आला नाही.

तात्पर्य, लहानांसाठी आणि जास्त करून मोठ्यांसाठी: न समजून केलेला नियम वाईटच, पण आपल्याला बोल लागू नये म्हणून आपण हात राखून काम केलं, तर त्याची झळ भलत्याच कुणाला तरी बसते.