पांढऱ्या पट्ट्यांची आळी

बिळांच्या राज्यात खोकल्याची साथ आली होती, आणि दरबाराला खोकल्यापेक्षा खोकल्याच्या आकड्याची काळजी जास्त होती. म्हणून साळिंदराला मोजणीप्रमुख नेमलं. विद्वान प्राणी, पण अंगभर काटे. उंदरांच्या बिळात शिरणार कसा? मग त्याने पद्धत काढली. दारात उभं राहून तीन हाका मारायच्या. आतून खोकला ऐकू आला तर दारावर कोळशाचा पट्टा, नाही आला तर चुन्याचा. चुना म्हणजे निरोगी. झालं, दरबार खूश! साळिंदराला मानाची शाल मिळाली. ती काट्यांत अडकली ती अडकलीच.

मधल्या आळीतल्या झिपरी उंदरिणीची तीन पिल्लं साथीत गेली होती. उरला एकटा टिल्लू. त्याला जपायचं, एवढंच आता तिच्या डोक्यात होतं. तिने साळिंदराला वाटेत गाठलं.

"साहेब, शेजारच्या बिळाला चुना लावलात, पण आतून वास येतोय. जरा कुणाला आत पाठवा ना."

"बाई, वास आमच्या पद्धतीत बसत नाही," साळिंदर म्हणाला. "पोराची काळजी वाटते ना? पूर्वेच्या आळीत जा. तिथे एकही काळा पट्टा नाही. राज्यात पहिला नंबर आहे."

एवढा शिकलेला सांगतोय म्हटल्यावर झिपरीला हायसं वाटलं. ती त्याच दिवशी टिल्लूला घेऊन निघाली.

पूर्वेची आळी खरंच नावाजण्यासारखी होती. दारोदार पांढरे पट्टे, गोंगाट नाही, भांडण नाही. दोघं टोकाच्या रिकाम्या बिळात राहिली.

"आई, इथली पोरं कुठे खेळतात?" टिल्लूने विचारलं.

चौथ्या दिवशी तो खोकू लागला, पाचव्या दिवशी ती. झिपरी पाणी मागायला शेजारी गेली. एका दारात डोकावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. परत येऊन तिने पोराला पोटाशी धरलं. राग कुणाचा करावा, तेही तिला कळेना.

साळिंदर मोजणीला आला तेव्हा आतून दोन खोकले ऐकू आले. त्याला फार वाईट वाटलं.

"बाई, आळीचा नंबर घालवलात की हो," तो म्हणाला, आणि जड हाताने त्याने कोळसा ओढला.

आठ दिवसांनी फेरमोजणी झाली. त्याने तीन हाका मारल्या. चूक नको म्हणून चौथीही मारली. आत सगळं शांत होतं. साळिंदराचा चेहरा खुलला. शालीच्या टोकाने त्याने काळा पट्टा स्वच्छ पुसला आणि चुन्यात कुंचला बुडवला.