माळ्यावरची अँटेना

"आणि ती कधी बोललीच नाही तर?"

या एका प्रश्नाने चार रात्री विदुलाचा डोळा लागू दिला नव्हता. पण परकारचाचा दारात आले तेव्हा तिने विचारलं ते भलतंच.

"चाचा, टीव्हीवर मुंग्या का येतात?"

परकारचाचा तीस वर्षं पोलिसांच्या बिनतारी खात्यात होते. निवृत्त होऊन गावी परतले. आता रोगी वैद्याकडे जावेत तसे पंचक्रोशीतले बिघडलेले रेडिओ आणि टीव्ही त्यांच्याकडे जात. चाचा मोजकं बोलत. दुरुस्त झालेला सेट परत करताना तर तेवढंही नाही.

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

आत टीव्हीपुढे साडेतीन वर्षांची रेवा मांडी घालून बसली होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या. काळ्या, पांढऱ्या, वळवळणाऱ्या, लाखो. आणि खरखर.

"चित्र नाही, तर बघते काय गो ही?"

"सवय झालीय तिला. म्हणजे कसं, आम्ही दोघीच ना इथे सड्यावर, या उघड्या कातळावर... हे बोटीवर, आठ-आठ महिने. शेजार म्हणाल तर हाक मारावी आणि वाऱ्याने ती आपल्याच तोंडात परत आणून टाकावी. म्हणून म्हटलं, टीव्ही असला तर तिच्या कानावर चार माणसांचे आवाज..."

चाचा रेवासमोर उकिडवे बसले. "नाव काय गो तुझं?"

"रेवा," विदुला म्हणाली. "रेवा नाव तिचं."

चाचांनी मान वर करून विदुलाकडे पाहिलं.

"अँटेना छपरावर का नाही लावलीस?"

"दोनदा लावली. एकदा वाऱ्याने पाडली, एकदा वानरांनी तिचा झोपाळा केला. म्हणून माळ्यावर घेतली. वर कौलंच आहेत. पत्रे असते तर लहरी अडल्या असत्या, कौलांतून त्या बऱ्यापैकी येतात."

हे तिने मान जराशी उंचावून सांगितलं. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता तिला. त्या पहिल्या वर्गाचा या घरात आजवर एवढाच उपयोग झाला होता. तिने वही पुढे केली. कांड्यांची लांबी, दोन कांड्यांतलं अंतर, होकायंत्राने काढलेली टीव्हीच्या प्रक्षेपण मनोऱ्याची दिशा. सगळं आकृतीसकट.

चाचांनी वही उजेडाकडे धरून वाचली. बराच वेळ वाचली.

"गणित बरोबर आहे."

विदुलाचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. गणित चुकलेलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"मग चुकतंय कुठे?"

"लावताना वर कोण होतं? खाली कोण?"

"वर मीच. खाली पण मीच."

या कामाला दोन माणसं लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकाने वर अँटेना फिरवायची आणि 'आलं का?' म्हणून ओरडायचं. दुसऱ्याने खाली पडद्याला डोळे लावून 'आलं, आलं... गेलं!' म्हणायचं. विदुला शिडीने वर जाई, बोटभर फिरवी, खाली येऊन बघे, पुन्हा वर जाई. त्या आठवड्यात ती जेवढी चढली-उतरली, तेवढ्यात एखादा गड सर झाला असता.

"आणि ही?" चाचांनी रेवाकडे हनुवटी वळवली.

"ती बोलत नाही, चाचा." विदुलाचा आवाज बारीक झाला. "पाणी म्हणते. नको म्हणते. तेवढंच. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यायचंय. पुस्तकात लिहिलंय, मुलांशी सतत बोलावं. मी बोलते हो! उठल्यापासून बोलते. भाजी चिरताना बोलते, ती झोपली तरी बोलते. एवढं करून... माझंच काहीतरी कमी पडत असेल."

चाचा टीव्हीच्या मागे वाकले. तिथे नवाकोरा बूस्टर लाल दिवा लावून बसला होता.

"हा कशाला?"

"जोर वाढवायला."

"कशाचा?"

"जे येतंय त्याचा."

"येतंय काय?"

विदुलाने पडद्याकडे पाहिलं.

चाचांनी बूस्टर काढला, वायर सरळ टीव्हीला जोडली आणि आवाज पार बंद केला. खरखर एकदम खाली बसली. घर इतकं शांत झालं की विदुलाला राहवेना.

"चहा टाकू का?"

"नको. वर जा."

ती माळ्यावर गेली. चाचा शिडीच्या मधल्या पायरीवर बसले, खोलीकडे पाठ करून.

"चाचा, तिथून तुम्हाला पडदा नाही दिसणार."

"नाही दिसणार."

"मग सांगणार कोण?"

"खाली माणूस आहे."

माळ्यावर नारळाची सोडणं होती, नवऱ्याची रिकामी ट्रंक होती, उलटा ठेवलेला पाळणा होता. कौलांच्या फटींतून दुपारच्या उन्हाच्या पट्ट्या आल्या होत्या. रविवार होता. मनोऱ्यावरून या वेळी सिनेमा चालू असणार. विदुलाने अँटेनाची दांडी धरली.

"रेवा, आलं का गं? दिसतंय का काही? नाही ना? थांब हं, आई अजून फिरवते. आता बघ. आता आलं असेल. आलं ना? नाही आलं? बरं बरं, असू दे..."

"बाय," चाचा शिडीवरून म्हणाले, "विचारलंस कोणाला?"

"रेवाला."

"उत्तर कोणी दिलं?"

...

वारा कौलांवरून सरपटत गेला.

"बिनतारीवर नवा शिपाई आला की एकच चूक करायचा," चाचा म्हणाले. "बटण दाबून बोलायचं असतं. ह्याचं बोलून झालं तरी अंगठा बटणावरच. मग माझ्याकडे यायचा. म्हणायचा, साहेब, पलीकडे कोणी नाही."

"आणि पलीकडे?"

"पलीकडचा ओरडून ओरडून दमलेला असायचा."

विदुला दांडी धरून तशीच उभी राहिली.

"विचार आता. एकदाच. आणि हात काढ."

"हात काढला की चित्र हलतं, चाचा. अंगाचाही लहरींवर परिणाम होतो."

"म्हणून तर सांगतो. धरून ठेवल्यावर येतं ते तुझ्या हाताचं चित्र. सोडल्यावर राहील ते घरचं."

तिने दांडी बोटभर फिरवली.

"रेवा... आलं का?"

आणि हात काढला.

...

गप्प घर कसं असतं हे विदुलाला चांगलं माहीत होतं. म्हणून तर तिने ते कधी गप्प होऊच दिलं नव्हतं. आता ते खालून पाण्यासारखं वर चढत आलं. सोडणांपर्यंत. ट्रंकेपर्यंत. तिच्या गळ्यापर्यंत.

"चाचा," ती कुजबुजली, "काही झालं का?"

"मला काय विचारतेस? मला टीव्ही दिसत नाही."

...

खालून बारीक आवाज आला.

"गेल्या."

काय गेलं राणी, वीज गेली का, चित्र गेलं का, थांब हं, आई आलीच... सगळं विदुलाच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात शिडीवरून चाचांचा हात वर झाला. मूठ मिटलेली. त्यांनी फक्त अंगठा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

विदुलाने ओठ मिटले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. ते तिने पदरात गुंडाळले.

...

...

"आई," रेवा खालून म्हणाली, "मुंग्या घरी गेल्या?"