ठिपकीची पिल्लं आणि मिशाळ मासा

इवलंसं तळं. तळ्यात राहायची ठिपकी बेडकी. ठिपकीला दहा पिल्लं.

एकदा तळ्यात नवा मासा आला. मिश्या लांब. तोंड मोठं.

ठिपकी म्हणाली, "या, बसा. पोटभर खा."

माशाने झिंगे खाल्ले. गट्टम! गोगलगायी खाल्ल्या. गट्टम! मग ठिपकीची पिल्लं खाल्ली. गट्टम, गट्टम, गट्टम!

उरली तीन. पानाखाली लपली.

ठिपकीला फार लाज वाटली. मदत मागायला निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गेली खंड्या पक्ष्याकडे.

"खंड्यादादा, खंड्यादादा! मासा पिल्लं खातो. तो कुठे आहे, दाखव ना!"

"भिकाकाका जाळं आणतील, तर दाखवीन. पण त्याला 'या, बसा' म्हटलं कुणी?"

ठिपकीने मान खाली घातली. टुणुक टुणुक.

गेली भिकाकाकांकडे. ते मासे धरायचे.

"काका, काका! मासा पिल्लं खातो. खंड्या मासा दाखवेना. जाळं टाका ना!"

"जाळं फाटलंय गं. गिरजाआत्या विणेल, तर टाकीन. पण त्याला 'या, बसा' म्हटलं कुणी?"

ठिपकीने मान खाली घातली. टुणुक टुणुक.

गेली गिरजाआत्याकडे.

"आत्या, आत्या! मासा पिल्लं खातो. खंड्या मासा दाखवेना. काका जाळं टाकेनात. जाळं विण ना!"

"विणीन. पण भोकं केवढी ठेवू? मासा केवढा?"

"मी नुसतं तोंड पाहिलं."

"मग शेजारच्या छोट्या बकुळाला विचार. पाण्याची पिशवी घेऊन तळ्यावर तीच गेली होती. ती सांगेल, तर विणीन."

टुणुक टुणुक.

बकुळा दाराआड बसली होती.

"बकुताई, बकुताई! मासा पिल्लं खातो. खंड्या मासा दाखवेना. काका जाळं टाकेनात. आत्या जाळं विणेना. मासा केवढा, सांग ना!"

"नाही सांगणार!" बकुळाने फ्रॉकमध्ये तोंड लपवलं.

ठिपकी हळूच जवळ गेली.

"बकुताई, मीच त्याला 'या, बसा' म्हटलं. मला लाज वाटते."

फ्रॉक खाली आला. बकुळाचे डोळे ओले होते.

"आणि मीच त्याला तळ्यात सोडलं. आणला तेव्हा बोटाएवढा होता. मग काचेच्या टाकीत मावेना. आता माझ्या हाताएवढा झालाय. मलाही लाज वाटते."

दोघी आत्याकडे गेल्या. दोघींनी खरं सांगितलं.

"आधी का नाही बोललात?" आत्या म्हणाली.

दोघींनी मान खाली घातली.

बकुळाने सांगितलं, म्हणून आत्याने मोठ्या भोकांचं जाळं विणलं. सर सर सर!

आत्याने विणलं, म्हणून काका जाळं घेऊन आले. धप धप धप!

काका आले, म्हणून खंड्याने मासा दाखवला. सूर्र!

जाळं पडलं. छपाक! छोटे मासे सुटले. मिशाळ मासा अडकला. काकांनी त्याला बादलीत घातलं. तळ्यात सोडलं नाही, ओढ्यातही नाही. दूर नेलं.

गेलेली पिल्लं काही आली नाहीत. पण पानाखालची तीन बाहेर आली.

ठिपकी म्हणाली, "बाळांनो, माझं चुकलं."

पिल्लं सुळसुळ पोहत निघाली. तिच्या गालाला येऊन चिकटली. चुळुक, चुळुक, चुळुक.