यमूचा पहिला शब्द

फार वर्षांमागे, डोंगरापलीकडच्या एका बाजारगावात, एक म्हातारी बाहुल्यांचा खेळ करायची. गोष्ट एकच, पण ती अकरा वर्षं चालली होती. दर बाजाराच्या दुपारी ती जराशी पुढे सरकायची आणि ऐन रंगात आली की पडदा पडायचा. लोक चरफडत घरी जायचे आणि पुढच्या बाजाराला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

गोष्टीत यमू नावाची एक मुलगी होती. पुरात तिची आई वाहून गेली, त्या दिवसापासून यमूच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ती कधी बोलणार आणि पहिला शब्द कोणता बोलणार, हे एकट्या म्हातारीला ठाऊक होतं. म्हातारीला मागंपुढं कुणी नव्हतं. चुलीपाशी बसून ती यमूशीच काय ते बोलायची.

एके दिवशी गावच्या पंचांच्या डोक्यात आलं की गोष्ट फार रेंगाळते आहे. त्यांनी पारावर म्हातारीचा सत्कार केला. लुगडं दिलं, तोंड भरून कौतुक केलं.

"आजी, आता तुम्ही आराम करा," पाटील म्हणाले. "गोष्ट आम्ही बघतो."

"पण पुढं काय होतं ते तुम्हाला कुठं माहीत आहे?"

"बाहुल्या आहेत, दोऱ्या आहेत, पडदा आहे. आणखी काय लागतं?"

बाहुल्यांची पेटी गावाची होती, ती गावानं नेली. म्हातारीनं लुगड्याची घडीसुद्धा मोडली नाही. चुलीपाशी बसली की तिची बोटं आपोआप हलायची, पण दोऱ्यांच्या टोकाला आता कुणी नव्हतं. घर तिला खायला उठलं.

इकडे खेळ एका चटपटीत बाहुलेवाल्याकडे गेला. माणूस मेहनती होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्यानं आधी लोकांनाच विचारलं, "काय बघायचंय?" सगळे म्हणाले, "यमू बोलू दे." पहिल्याच खेळात यमू पुढे आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "रामराम मंडळी!"

टाळ्यांनी बाजार दणाणला. पुढच्या खेपेला यमूनं गाणं म्हटलं, मग सावकाराशी भांडली, मग तिचं लग्नही लागलं. पाचव्या बाजाराला लोक कांदे घेऊन परस्पर घरी गेले. पडद्यापुढे एक कासारीण तेवढी बसली होती. ती उठताना म्हणाली, "ही आमची यमू न्हाई."

पंच यमूला घेऊन म्हातारीच्या दारात आले.

"चुकलं आमचं, आजी. गोष्ट परत हाती घ्या."

म्हातारीनं यमूला मांडीवर घेतलं. "काय बोलली ही पहिल्यांदा?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला आठवलं. "रामराम मंडळी."

म्हातारीनं यमूचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं हिचा एक शब्द मी जपला होता. आता ही साऱ्या बाजाराशी बोलून बसली. तो शब्द मी कुठं ठेवू?"

"तो मधला भाग झालाच नाही असं समजू," पाटील काकुळतीला आले.

"तुम्ही समजाल. ऐकलेलं कान कसं विसरतील?"

पंच मान खाली घालून गेले. यमूला त्यांनी तिथेच ठेवलं.

म्हातारीनं दार लोटलं. कणगीमागून तिनं एक फडकं काढलं आणि सोडलं. आत एक बाहुली होती. पांढरे झालेले केस, भिजून विटलेलं लुगडं. ही यमूची आई. म्हातारीच्या गोष्टीत ती जिवंत होती आणि येत्या आषाढात परत येणार होती. तिला अजून कुणी पाहिलं नव्हतं.

म्हातारीनं दोघींना समोरासमोर उभं केलं. यमूची दोरी अलगद ओढली आणि अकरा वर्षं सांभाळलेल्या आवाजात हाक मारली, "आई."

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. प्रसंग तिला हवा होता तस्साच झाला होता. बघायला मात्र एकही माणूस नव्हता.

तात्पर्य: बाहुल्या, दोऱ्या आणि पडदा कुणाच्याही हाती देता येतो; पण गोष्ट कशासाठी थांबली आहे, हे ती रचणाऱ्यालाच माहीत असतं. त्याला घरी बसवलं तर तो एकटा पडतोच, आणि ज्याची सगळ्यांनी वाट पाहिली ते बघायचं आपल्याही नशिबी राहत नाही.